ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन एस : दोन उन्हाळ्यांत संपलेला खेळ

नागपूरच्या सक्करदऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. रात्री साडेदहाला शटर ओढायचं, घरी येऊन जेवायचं आणि अकराच्या सुमाराला कॉम्प्युटरपुढे बसायचं, हा माझा नेम. मे महिन्यात ताईचा मुलगा चंद्रपूरहून सुट्टीला येतो, मग दुपारीही बसणं होतं. नवतपा सुरू झाला की दुपारी बारा ते चार रस्त्यावर माणूस दिसत नाही. पारा ४५ च्या वर जातो, गिऱ्हाईक संध्याकाळशिवाय घराबाहेर पडत नाही, म्हणून मीही दुकान अर्धं ओढून घरी येतो. अशा दोन उन्हाळ्यांत आणि मधल्या एका दिवाळीत आम्ही मामा-भाच्यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन एस’ हा खेळ संपवला. घड्याळ ११२ तास दाखवत होतं. इतका वेळ एका गोष्टीला दिल्यावर तिच्याबद्दल नीट लिहावं असं वाटलं, कारण मराठीत या प्रकारच्या खेळांवर फार कोणी लिहीत नाही आणि आपल्याकडच्या पोरांना व्हिडिओ गेम म्हटलं की फक्त बंदुकाच माहीत असतात.

ज्यांनी जपानी पद्धतीचा रोल-प्लेइंग गेम कधी खेळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यात तुम्ही एका पोराची भूमिका घेता. तो गावातून निघतो, वाटेत सोबती मिळत जातात, गावोगाव फिरत तुम्ही हत्यारं घेता, राक्षसांशी लढता, अनुभव साठवून ताकदवान होता आणि शेवटी जगावर आलेलं मोठं संकट परतवता. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ही मालिका या प्रकाराचं जुनं खोड आहे. पहिला भाग २७ मे १९८६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम खेळायच्या यंत्रावर आला. युजी होरी यांनी रचना केली, अकिरा तोरियामांनी पात्रं आणि राक्षस काढले, कोइची सुगियामांनी संगीत दिलं. अकरावा भाग २०१७ मध्ये जपानला आणि २०१८ मध्ये बाकीच्या जगाला मिळाला, तोही याच तिघांच्या हातचा. ‘एस’ ही त्याची सुधारलेली आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये आधी निन्टेन्डोच्याच स्विच या यंत्रावर आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉम्प्युटरवर आली. सुगियामा ३० सप्टेंबर २०२१ ला गेले, तोरियामा १ मार्च २०२४ ला. त्या तिघांनी मिळून पूर्ण केलेला हा मालिकेतला शेवटचा क्रमांकित भाग. खेळताना हे मनातून जात नाही.

आता लढाई. इथली लढाई टर्न-बेस्ड आहे, म्हणजे आळीपाळीने. तुम्ही प्रत्येक सोबत्याला सांगायचं की तलवार चालव, मंत्र म्हण, जखमीला बरं कर किंवा नुसता बचाव कर. तुम्ही सांगेपर्यंत समोरचा राक्षस थांबतो. भाच्याला पहिल्या दिवशी हे अजिबात रुचलं नव्हतं. मोबाईलवर सेकंदाला चार गोळ्या झाडायची सवय असलेलं पोट्टं ते. म्हणाला, “मामा, हा राक्षस आपली वाट काऊन पाहून राहिला?” मला मात्र हेच हवं होतं. आमच्या कूलरची टाकी दुपारी दोनदा भरावी लागते. पाइप लावायचा, ताडपत्री सरकवायची, टाकी काठापर्यंत येईस्तोवर उभं राहायचं, वाळा नीट भिजला का बघायचं. तेवढ्या वेळात खेळातला ड्रॅगन पंख हलवत जागच्या जागी उभा असायचा. येऊन बसलो की पुन्हा विचार सुरू : आमच्या जथ्यातल्या सेरेनाकडे मंत्रशक्ती किती उरली, पुढच्या फेरीत तो आग ओकेल का, आताच सगळ्यांना बरं करून ठेवू का. हा खेळ विचाराला वेळ देतो आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायलाही वेळ देतो. दोन माणसांनी मिळून एकच कंट्रोलर घेऊन खेळावा असा तो आहे, जरी पाकिटावर ‘एका खेळाडूसाठी’ असं असलं तरी. आठ दिवसांत पोट्टा स्वतःहून म्हणायला लागला, “थांब मामा, आधी बचाव वाढव, मग मार.”

मेटल स्लाइमची एक लढाई सांगतो. स्लाइम म्हणजे या मालिकेचा सगळ्यात साधा राक्षस, निळ्या थेंबाच्या आकाराचा, हसऱ्या तोंडाचा. होरींनी चिखलाच्या गोळ्यासारखं काहीतरी रेखाटून दिलं होतं आणि तोरियामांनी त्याचा हा थेंब केला. मेटल स्लाइम त्याचा चकचकीत धातूचा भाऊ. त्याचा जीव अगदी थोडा, पण अंग इतकं कठीण की बहुतेक घाव शून्याचे नाही तर एकाचे पडतात. मारला तर अनुभवाची रास मिळते, म्हणून सगळे त्याच्या मागे, आणि तो संधी मिळताच पळून जातो. आमच्या जथ्यातल्या जेडकडे भाल्याचा एक डाव आहे, लागला तर थेट वर्मी, नाही तर पूर्ण वाया. त्या दुपारी आमच्यासमोर दोन मेटल स्लाइम होते. पहिला पहिल्याच फेरीत पळाला. दुसऱ्यावर आमच्या आणखी एका सोबत्याचा, एरिकचा, घाव एकाचा, सेरेनाचा शून्याचा. जेडची वेळ आली तेव्हा भाचा खुर्चीतून उठून उभा राहिला. भाला हुकला. आता स्लाइमची वेळ, आता हा जाणार, असं दोघांनाही वाटलं. तो पळाला नाही, एक साधा मंत्र टाकला त्याने. पुढच्या फेरीत भाला लागला आणि एका दमात चौघांचीही पातळी वाढली. आई आतल्या खोलीतून विचारती झाली की काय झालं, कोण आलं.

तोरियामांच्या राक्षसांवर आमचा जीव जडला. भाला घेतलेली काकडी, डोक्यावर टोप चढवलेला हातोडीवाला, वटवाघळासारखं गोल पिल्लू. मारायचे असले तरी त्यांच्या चेहऱ्यावर मिस्कीलपणा असतो. आम्ही नागपूरचे, मारबतीच्या मिरवणुकीत बडगे बघत वाढलेलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, पिवळी मारबत निघते, मागे कागद-बांबूचे बडगे. ते वाईटाचं रूप असतात, पण पोरं त्यांच्यामागे हसत-ओरडत धावतात. भीती आणि लाड एकत्र, हे नातं मला या राक्षसांतही दिसलं. या खेळाची कथा तीन भागांत आहे. तिच्या दुसऱ्या भागात सिल्व्हांडो नावाचा सर्कशीचा कलावंत हताश झालेल्या माणसांना रंगीत कपडे घालून, नाचत-गात गावोगाव मिरवणूक नेतो. जग बुडालेलं, आणि हा माणूस लोकांना हसवायला निघालेला. भाचा म्हणाला, “मामा, हे तर आपल्या मारबतीसारखंच होऊन राहिलं.” सिल्व्हांडो हे माझं या खेळातलं सगळ्यात आवडतं पात्र. चालण्या-बोलण्यात नटवा, मनानं वाघ. आपल्याकडच्या सिनेमात अशा माणसाला हसण्यापुरतं आणतात. इथे तो अख्ख्या जथ्याचा कणा आहे.

गावं तर एकेक मन लावून घडवलेली. गॅलोपोलिस वाळवंटातलं घोड्यांच्या शर्यतींचं शहर, गोंडोलिया कालव्यांचं, होट्टो गरम पाण्याच्या झऱ्यांचं. प्रत्येक घरात शिरता येतं, मडकी फोडता येतात, कपाटं उघडता येतात, आणि घरातली माणसं एक-दोन वाक्यं तरी आपल्या स्वभावाची बोलतात. कथा पुढे सरकली की त्याच माणसांचं बोलणं बदलतं. म्हणून आम्ही मोठ्या प्रसंगानंतर मागच्या गावांत उगाच चक्कर मारून यायचो. एका म्हातारीला तिचा मुलगा सापडला का, हे बघायला आम्ही पंधरा मिनिटं घोडा दौडवला आहे.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजी आहे, आणि तेही साधं नाही. गोंडोलियाचे लोक इटालियन लकबीचं इंग्रजी बोलतात, होट्टोतले लोक तर हायकूत बोलतात, पाच-सात-पाच अक्षरांच्या ओळींत. राक्षसांची नावं शब्दांच्या कोट्यांनी भरलेली. भाचा सेमी इंग्रजीत शिकतो, त्याला अर्धं कळायचं. होट्टोत मी एकेक संवाद थांबवून त्याला मराठीत सांगायचो, मग दोघं मिळून मराठीत पाच-सात-पाचचा प्रयत्न करायचो. ते दिवस मला फार आवडले, पण जो मुलगा एकटा खेळेल त्याच्या पदरात काय पडेल? ‘एस’ आवृत्तीत जपानी आवाज निवडता येतात, आणि आम्ही शेवटी तेच ठेवले. अक्षरं इंग्रजी, आवाज जपानी. भावना आवाजातून कळत होत्या.

उणिवांचं बोलायला लागलो तर मोठी यादी होईल, पण मला सगळ्या सारख्या टोचल्या नाहीत. सगळ्यात आधी संगीत. सुगियामांची सुरुवातीची धून वाजली की अंगावर रोमांच येतात, ती १९८६ पासूनची आहे. ‘एस’ मध्ये ती वाद्यवृंदाने वाजवलेली आहे, मूळ २०१८ च्या आवृत्तीतल्या सिंथेसायझरच्या आवाजापेक्षा कितीतरी भरदार. पण मोकळ्या रानात चालताना तीच एक चाल, घोड्यावर असा, पायी असा, पुन्हा तीच. पन्नासाव्या तासाला मी आवाज कमी करून पंख्याचा आवाज ऐकत खेळायला लागलो. इतक्या मोठ्या संगीतकाराने रानासाठी आणखी दोन-तीन चाली दिल्या असत्या तर या खेळाचं सोनं झालं असतं.

दुसरं म्हणजे खेळ फार सोपा आहे. नेहमीच्या पद्धतीने खेळलात तर पहिले वीस तास फारसं डोकं लागत नाही. उपाय खेळातच आहे. सुरुवातीलाच ‘ड्रॅकोनियन क्वेस्ट’ नावाचे पर्याय येतात : राक्षस जास्त ताकदवान करायचे, दुकानातून खरेदी बंद ठेवायची, चिलखत घालायचंच नाही, असे. निदान ताकदवान राक्षसांचा पर्याय नक्की घ्या. आम्ही पहिल्यांदा घेतला नव्हता, आणि चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लक्षात ठेवा, हे पर्याय नंतर काढता येतात, पण एकदा काढले की परत लावता येत नाहीत. लढाईचा वेग वाढवायची सोय ‘एस’ मध्ये दिली आहे, तीही वापरा.

तिसरं, नायक बोलत नाही. संपूर्ण खेळात एक शब्द नाही. त्याचं गाव उद्ध्वस्त होतं, माणसं जातात, आणि हा फक्त डोळे मोठे करतो. ही या मालिकेची जुनी रीत आहे, म्हणजे नायकाच्या जागी तुम्ही स्वतःला बघावं. पण आजकालच्या खेळात सोबतच्या प्रत्येकाला आवाज, चेहऱ्यावरची रेषा-रेषा, आणि मधोमध हा मुका, हे खटकतं. भाच्याचा प्रश्न रोजचा, “हा काही बोलून काऊन नाही राहिला?” त्याला उत्तर देताना मलाच पटायचं नाही. आणि हो-नाही विचारतात तिथे ‘नाही’ म्हटलं तर बहुतेक वेळा तोच प्रश्न पुन्हा येतो, ‘हो’ म्हणेपर्यंत.

चौथी गोष्ट मी जरा रागाने लिहितो. जेड ही राजकन्या, लढवय्यी, सगळ्यांत धाडसी. तिला सशाच्या कानांचे तोकडे कपडे, तिच्या लढाईच्या डावांत मादक हावभाव, आणि गावोगाव ‘पफ-पफ’ नावाचा जुनाट चावटपणा. बारा वर्षांच्या भाच्यासोबत बसलेल्या मामाला हे नको वाटतं. तिच्या कथेत इतकं दुःख आणि इतका मान आहे की या गोष्टींची तिला काहीही गरज नव्हती. आम्ही तिला साधं चिलखतच घातलं शेवटपर्यंत.

ज्यांना विकत घ्यायचा आहे त्यांच्यासाठी : आधी फुकटचा डेमो उतरवून घ्या. तो साधारण दहा तासांचा आहे आणि त्यातला सेव्ह पूर्ण खेळात चालतो. आम्ही तसंच केलं, आणि मग सवलत लागेपर्यंत थांबून घेतला. ‘एस’ ची चित्रं २०१८ च्या आवृत्तीपेक्षा किंचित कमी बारकाव्याची आहेत, झाडांची पानं लांबून जरा पुसट दिसतात, पण आमच्या साध्या ग्राफिक्स कार्डवर तो न अडखळता चालला. उन्हाळ्यात लाइट जातेच. खेळ नव्या भागात शिरताना आपोआप सेव्ह करतो, त्यामुळे एकदा भर लढाईत लाइट गेली तरी आमचा वीस मिनिटांचाच खेळ गेला. तरीही चर्चमध्ये किंवा शेकोटीजवळ हाताने सेव्ह करत जा. शेकोटीच्या जागा मला फार आवडल्या. रात्री सगळे गोल बसतात, राक्षस तिकडे फिरकत नाहीत, आणि तिथेच छोटी भट्टी मांडून हत्यारं घडवता येतात. भट्टीत हातोड्याचे घाव मोजके मिळतात. तापलेल्या तुकड्याचा प्रत्येक भाग ठराविक रेषेपर्यंत आणायचा, एक घाव जास्त पडला की काम बिघडलं. ते काम भाच्याने स्वतःकडे घेतलं होतं, आणि मला माउसला हातही लावू द्यायचा नाही.

इथून पुढे कथेचा उलगडा आहे. ज्यांना खेळायचं आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

आधी लोनालुलू या किनाऱ्यावरच्या गावातल्या जलपरीची गोष्ट. मिशेल नावाची जलपरी आपल्या होणाऱ्या नवऱ्याची वाट बघत बसली आहे. तो येणार, असं तिला ठाम वाटतं. माणसांचं आयुष्य जलपरीच्या आयुष्यापुढे किती लहान असतं, याचा तिला अंदाज नाही. आपण गावात जातो तेव्हा कळतं की तो कधीच वारला, नातू तेवढा आहे. परत जाऊन तिला काय सांगायचं ते आपल्या हातात. खरं सांगितलं तर ती किनाऱ्यावर येते आणि तिचा फेस होतो. खोटं सांगितलं तर ती तिथेच वाट बघत राहते. या खेळात असे खरे पर्याय फार थोडे आहेत. भाचा म्हणाला, “खोटं सांग ना मामा, ती मरून जाईन.” मी खरं सांगितलं. तो त्या दिवशी माझ्याशी जेवेपर्यंत बोलला नाही.

माझे बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. भाच्याला त्याचे आजोबा चांगले आठवतात. तान्ह्या पोळ्याला तो नागपुरात असला की बाबा लाकडी नंदीला शिंगांना बेगड लावून, पाठीवर झूल टाकून सजवून द्यायचे आणि त्याच्यासोबत गल्लीभर फिरायचे. तो नंदी अजून आमच्या कपाटावर आहे. एक चाक निघालं आहे त्याचं.

खेळाच्या सुरुवातीच्या तासांतच नायकाला ‘अंधाराचा पोर’ ठरवून राजा कोठडीत टाकतो. तो एरिकसोबत पळतो आणि आपल्या गावी, कॉबलस्टोनला येतो. गाव जसंच्या तसं, हसतं-खेळतं. पण त्याला कोणी ओळखत नाही. झाडावर एका लहान मुलीचा रुमाल अडकलेला आहे, ती रडते आहे, आणि ती त्याची बालमैत्रीण जेमा आहे. तेव्हा कळतं की आपण भूतकाळ बघतो आहोत. मग आजोबा भेटतात. नायक मोठा व्हायच्या आत वारलेले आजोबा. ते त्याच्याकडे बघतात, समोर उभा असलेला हा तरुण कोण ते त्यांना उमगतं, आणि ते त्याला एक खूण सांगून ठेवतात, पुढे उपयोगी पडेल म्हणून. एवढं बोलणं होतं, आणि दृश्य विरतं. डोळ्यासमोर जळालेलं, मोडलेलं गाव.

ती दुपार आम्ही पुढे खेळलो नाही. भाचा म्हणाला, “आजोबांनी त्याला ओळखलं ना?” मी म्हटलं, ओळखलं. तो उठला, कपाटावरचा नंदी काढून त्याने चाक बसवून बघितलं. बसलं नाही. पुन्हा वर ठेवला. त्या एका दृश्यासाठी मी या खेळाला पूर्ण गुण देतो. गेलेला माणूस भेटतो, ओळखतो, मायेने बोलतो, आणि तरीही गेलेलाच राहतो. त्या भेटीने गाव वाचत नाही. नायकाला तिथून फक्त एक ठावठिकाणा मिळतो, ज्यात आजोबांनी त्याच्यासाठी पत्रं पुरून ठेवली आहेत.

कथेच्या पहिल्या भागाच्या शेवटी जगाचं झाड, यिग्ड्रासिल, कोसळतं. सोबती पांगतात. दुसरा भाग हा त्या पडझडीनंतर एकेकाला शोधत जाण्याचा आहे. व्हेरॉनिका मात्र सापडत नाही. ही छोटीशी दिसणारी, फटकळ तोंडाची जादूगार, सेरेनाची जुळी बहीण. शेवटी सगळे त्या दोघींच्या गावी, आर्बोरियात येतात. रानात एका झाडाला टेकून व्हेरॉनिका बसलेली दिसते, हातात तिची काठी. सगळे धावतात. जवळ जाताच तिचं रूप विरून जातं, काठी तेवढी उरते. झाड कोसळताना सगळ्यांना वाचवण्यासाठी तिने आपली सगळी ताकद खर्च केली होती. रात्री सेरेना एकटी वीणेसारखं वाद्य वाजवते आणि आपले लांब केस कापून टाकते. त्या क्षणापासून बहिणीचे सगळे मंत्र सेरेनाला येतात. लढाईत तिच्या यादीत व्हेरॉनिकाचे मंत्र दिसायला लागतात. पुढच्या प्रत्येक लढाईत आम्ही तो आगीचा मंत्र निवडला की भाचा म्हणायचा, “हा तिचा.” खेळाच्या नियमांतच शोक गुंफलेला आहे, आणि हे फक्त खेळच करू शकतो. पुस्तकात वाचणारा तो मंत्र स्वतःच्या हाताने निवडत नाही.

त्या दृश्याला आई आमच्या मागे येऊन उभी होती. तिला इंग्रजी येत नाही. तिने विचारलं, “केस काऊन कापले तिनं?” भाचा म्हणाला, “तिची बहीण गेली, आजी.” आई खुर्ची ओढून बसली, दृश्य संपेपर्यंत तिथेच होती. मग कूलरला पाणी टाकायचं राहिलं म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या भागाच्या शेवटी मुख्य खलनायक मॉर्डेगॉन हरतो, श्रेयनामावली येते, आणि खेळ संपला असं वाटतं. इथे थांबला असता तर मी याला माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम खेळ म्हटलं असतं. पण नामावलीनंतर तिसरा भाग उघडतो. एक मनोरा सापडतो, आणि नायक काळात मागे जाऊन झाड कोसळायच्या आधी पोचू शकतो. म्हणजे व्हेरॉनिका वाचेल. सोबती त्याला निरोप देतात. तो मागे जातो, आणि त्या भल्या माणसांनी दुसऱ्या भागात जे सोसलं, जे मिळवलं, ते घडलेलंच नसतं. सेरेनाचे केस पुन्हा लांब. त्यातल्या काही गोष्टी तिसऱ्या भागात थोडक्यात पुन्हा येतात, पण त्या वजनाने येत नाहीत. ज्या खेळाने आजोबांच्या भेटीत शिकवलं की मागचं बघता येतं पण बदलता येत नाही, त्याच खेळाने पुढे स्वतःचा शब्द मोडला. ही या खेळाची सगळ्यात मोठी चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तिसऱ्या भागातल्या लढाया अवघड आहेत, राक्षस देखणे आहेत, शेवटी या मालिकेच्या जुन्या भागांशी जोडणारी एक गाठही सुटते. तरीही ते दुःख परत घ्यायला नको होतं.

भाच्याला हे अजिबात पटलं नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी आमचं मोठं भांडण झालं. तो म्हणाला, “वाचवता येत असून तू काऊन नाही वाचवत?” मी म्हटलं, इतक्या लोकांनी जे सोसलं ते खोटं पडतं रे. तो म्हणाला, “पडू दे ना. ती तर येईन परत.” यावर मला काही सुचलं नाही. मी कंट्रोलर त्याच्या हातात दिला आणि दुकान उघडायला गेलो. रात्री आलो तेव्हा तो मागे जाऊन आला होता, आणि व्हेरॉनिका त्याच्या जथ्यात उभी होती. त्याने मला तिचा आगीचा मंत्र टाकून दाखवला. पुढचे सगळे तास मी त्याच्या शेजारी बसून बघितले आणि जिथे अडला तिथे मदत केली. शेवटच्या राक्षसाला तिनेच मारलं, त्याने मुद्दाम तिच्यासाठी राखून ठेवलं होतं.

आमच्या कॉम्प्युटरवर आता दोन सेव्ह आहेत. वरचा त्याचा, ११२ तासांचा. खालचा माझा, दुसरा भाग संपल्यावरचा. त्यात सेरेनाचे केस आखूड आहेत. कधी दुकानातून आलो आणि झोप येत नसली की तो उघडतो, कॉबलस्टोनला जातो. तिथे लोक पुन्हा घरं बांधतायत.